‘ते निबंधात चालतंय का, मॅडम?’ : निबंध लिहिण्याची पायरीपायरीनं तयारी

नववीच्या वर्गाला ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला की बहुतेक वह्या ‘भारत हा सणांचा देश आहे’ या वाक्यानं सुरू होतात. मग दिवाळी येते, आकाशकंदील येतो, फराळ येतो, फटाक्यांचं प्रदूषण येतं आणि ‘अशा प्रकारे मला दिवाळी खूप आवडते’ असं म्हणून निबंध संपतो. लातूर जिल्ह्यात मी बरीच वर्षं मराठी शिकवते. ही वाक्यं इतक्या वेळा तपासली आहेत की डोळे त्यांच्यावरून आपोआप पुढं सरकतात. पेपर तपासणाऱ्याच्या समोर गठ्ठा असतो. त्यात तुमची वही वेगळी वाटायची असेल, तर तुमच्याकडे असलेलं आणि दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी त्यात असायला हवं.

एका मुलीनं दिवाळी सोडून वेळ अमावस्या घेतली होती. मला बरं वाटलं. पण वहीत होतं ते असं: ‘वेळ अमावस्या हा शेतकऱ्यांचा महत्त्वाचा सण आहे. या दिवशी सर्व लोक शेतात जातात. पांडवांची पूजा करतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर खातात. खूप मजा येते.’ यात चुकीचं काही नव्हतं, पण तिच्या जागी वर्गातल्या कुणीही हे लिहिलं असतं. मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि बिंदगीचं विचारलं. बिंदगी म्हणजे आंबील भरून डोक्यावरून रानात न्यायचं भांडं.

‘आंबिलीची बिंदगी कोण नेतं तुमच्यात?’

‘आजी न्यायची, मॅडम. यंदा मी नेली.’

‘का गं?’

‘तिचे गुडघे लई दुखायलेत. ती घरीच थांबली.’

‘मग हे वहीत का नाही?’

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, ‘ते निबंधात चालतंय का, मॅडम?’

हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. आपल्या मुलांना घरचं, रानातलं, आजीचं काही निबंधात चालत नाही असं कुणीतरी शिकवलंय, आणि त्या कुणीतरीमध्ये आम्ही शिक्षकही आहोत. चालतं. निबंध उभा राहतो तोच त्याच्यावर. तो कसा उभा करायचा ते आता एकेक पायरी घेऊन सांगते. त्या मुलीचाच निबंध सोबत ठेवू.

पहिली पायरी: विषय लहान करा

आधी विषयाचं वाक्य दोनदा वाचा आणि त्यातल्या नेमक्या शब्दाखाली रेघ मारा. ‘माझा आवडता सण’ यात जोर ‘सण’ या शब्दावर वाटतो, पण खरं काम ‘माझा’ हा शब्द करतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मध्ये ‘एक’ महत्त्वाचा. तरी मुलं अख्खा पावसाळा लिहितात, जून ते सप्टेंबर, आणि त्यात मोर नाचवतात.

‘सण’ हा विषय दोन पानांत मावत नाही. ‘वेळ अमावस्या’ही मावत नाही. ‘ज्या वर्षी बिंदगी माझ्या डोक्यावर आली ती वेळ अमावस्या’ हे मात्र मावतं. विषय जितका लहान, तितकं लिहायला जास्त सापडतं, हे मुलांना आधी पटत नाही. त्यांना भीती असते की मजकूर कमी पडेल. एकदा करून बघा. पावसाळ्यावर चार ओळींनंतर पेन अडतं. पण मृग लागून गेलाय, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या पडवीत उभ्या आहेत, वडील दर संध्याकाळी अंगणात येऊन आभाळाकडे बघतात आणि कुणी काही बोलत नाही, या एका संध्याकाळवर पान भरतं. गाईडमधला पावसाळा धो धो कोसळतो. आपल्याकडचा पावसाळा पुष्कळदा वाट बघण्यात जातो आणि कधी दुबार पेरणी करायला लावतो. तुम्ही ते पाहिलंय, मग तेच लिहा.

दुसरी पायरी: कच्च्या वहीत गोळा करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि निबंध इथंच फसतो. लिहायला लागण्याआधी रफ वहीत पाच मिनिटं नुसती गोळाबेरीज करा. वाक्यं नकोत, शब्द हवेत. काय दिसलं, काय ऐकलं, वास कसला होता, हाताला काय लागलं, कोण काय बोललं. चांगलं-वाईट ठरवू नका, क्रम लावू नका.

त्या मुलीनं माझ्यासमोर बसून लिहिलेलं टिपण असं होतं: ‘चुंबळ – आजीच्या जुन्या लुगड्याची. आंबील थंड. ताकाचा वास. ज्वारी पोटऱ्यात. हरभऱ्याच्या पाल्यानं हात आंबट. कडब्याची कोप. पाच दगड, चुना लावलेले. बाबा पुढं, मागं बघतच नव्हते. ओढ्याजवळ सांडली थोडी. आजीला कळू द्यायचं नव्हतं.’

कोप म्हणजे पूजेसाठी रानात उभारलेली कडब्याची खोपी. पण शेवटचे दोन तुकडे बघा. ते वाचल्यावर मला कळलं की हिचा निबंध झाला. अजून एक वाक्यही लिहिलेलं नव्हतं.

टिपणात जिथं अडतं तिथं घरी विचारा. आंबील कशाची, कधी करतात? ज्वारीचं पीठ, ताक, लसूण-आलं, हे तिला माहीत होतं. पण भज्जीत नेमकं काय काय पडतं ते तिनं आईला विचारून आणलं: तुरीचे दाणे, वाटाणा, ओला हरभरा, पालेभाज्या, वरून चिंच आणि बेसन. असं विचारून आणलेलं एक नाव शोभेच्या दहा शब्दांपेक्षा जास्त काम करतं. ‘विविध प्रकारच्या भाज्या’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काहीच येत नाही.

तिसरी पायरी: एका ओळीत सांगा

टिपण झालं की स्वतःला विचारा: मला यातून सांगायचं काय आहे? एका ओळीत, शेजारच्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं. ती मुलगी म्हणाली, ‘आजीचं काम माझ्याकडं आलं आणि मला भीती वाटली.’ पुरे झालं. ही ओळ निबंधात जशीच्या तशी लिहायची नसते. तिच्यावरून काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरतं. पांडवांच्या पूजेची गोष्ट चांगली, पण इथं दोन वाक्यांत उरकायची. संध्याकाळी शेजारच्या रानातली मुलं आली, पतंग उडवले, ते पूर्ण सोडायचं. सोडताना जीव तुटतो, मला माहीत आहे.

चौथी पायरी: सुरुवात

भारत हा कृषिप्रधान देश आहे, मानव हा समाजशील प्राणी आहे, जल हेच जीवन. ही वाक्यं खरी आहेत, पण ती वाचणाऱ्याला आधीच माहीत आहेत. सुरुवातीला सुविचार किंवा श्लोक घालायची सवयही सोडा, विशेषतः तो गाईडमधून पाठ केलेला असेल तर. तोच सुविचार शेजारच्या बाकावरच्या वहीतही असतो.

सोपा उपाय सांगते. कच्चा निबंध लिहून झाला की पहिला परिच्छेद हातानं झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. दहापैकी सात-आठ वेळा खरी सुरुवात तिथं असते. पहिला परिच्छेद आपण गाडी गरम करायला लिहिलेला असतो.

त्या मुलीची नवी सुरुवात अशी झाली:

‘यंदा बिंदगी माझ्या डोक्यावर आली. चुंबळ आजीनंच वळून दिली. ओढ्यापर्यंत आंबील गप्प होती. उतार लागला तशी ती हिंदकळली आणि एक थंडगार ओघळ कानामागून मानेवर गेला.’

सणाचं नाव अजून आलेलं नाही, पण वाचणारा उतारावर तिच्यासोबत पाय जपून टाकतोय. नाव पाचव्या-सहाव्या वाक्यात येऊ द्या. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकाला मार्गशीर्ष अमावस्येचा हा सण ठाऊक नसेल, म्हणून एक साधं वाक्य त्यासाठी खर्च करा.

पाचवी पायरी: मधला भाग, आणि घरची बोली

इथं दोन गोष्टींवर मी जरा थांबणार आहे.

पहिली, विशेषणं. ‘निसर्गरम्य’, ‘हिरवेगार’, ‘अवर्णनीय’, ‘अतिशय सुंदर’. असा शब्द लिहिलात की त्याच्यावर बोट ठेवून विचारा: मी नक्की काय पाहिलं होतं? ‘शेत हिरवेगार होते’ या जागी ‘ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि हरभऱ्याला घाटे धरत होते’ असं आलं, तर महिना कळतो, पीक कळतं आणि लिहिणाऱ्याला रान कळतं हेही कळतं. ‘खूप मजा आली’ हे वाक्य तर कायमचं काढून टाका. मजा कशी आली तेवढंच लिहा, वाचणाऱ्याला ती आपोआप येते. क्रियापदांकडं लक्ष द्या. हिंदकळली, ओघळली, सावरली, टेकवली, ही क्रियापदं आपल्या भाषेत भरपूर आहेत आणि निबंधात मात्र सगळीकडं ‘होते’ आणि ‘केले’.

दुसरी गोष्ट बोलीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठवाड्यातलं मूल घरी ‘कुठं जायलास?’ म्हणतं आणि वहीत ‘तू कोठे जात आहेस?’ लिहितं. या दोन्हींच्या मध्ये त्याचा आवाज हरवतो. मी वर्गात एक साधा नियम ठेवलाय. निवेदन प्रमाण मराठीत, आणि माणसं बोलतात तिथं त्यांच्या तोंडची भाषा, अवतरणचिन्हांत. आजी ‘तू सावकाश जा’ असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, ‘पाय बघून टाक माय, सांडशील.’ तेच लिहायचं. या एका वाक्यानं आजी निबंधात उभी राहते. परीक्षेत असं चालेल का, असं पालक विचारतात. संवादाला संवादाची भाषा असते हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. निवेदन शुद्ध आणि बोली अवतरणात असली, की ती चूक वाटत नाही, जाणीवपूर्वक केलेली वाटते. दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त मात्र नको.

आणि ज्या शब्दांना प्रमाण भाषेत जोडच नाही, बिंदगी, कोप, उंडे, ते निवेदनातही तसेच ठेवा. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. मराठी कवितेचा मोठा वाटा याच मातीतून आलाय. दळण-कांडणातले शब्द जनाबाईच्या अभंगाला चालले, मग बिंदगी तुमच्या निबंधाला नक्की चालेल.

परिच्छेदाचं थोडक्यात सांगते: जागा, वेळ किंवा मुद्दा बदलला की नवा परिच्छेद. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘त्याचबरोबर’ हे सांधे प्रत्येक वाक्याला लागत असतील तर समजा की वाक्यांचा क्रम चुकलाय. क्रम बरोबर असेल तर सांधे कमी लागतात.

विषय वैचारिक असेल तर

‘पाण्याचे महत्त्व’ असा विषय आला की अनुभव पुरत नाही, माहिती लागते. पण माहिती वाचणाऱ्याच्या हातात मावेल अशी करून द्यावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं. पहिल्या खेपेला १० वॅगन होत्या, साधारण ५ लाख लिटर पाणी. ‘५ लाख लिटर’ ऐकून काही डोळ्यांपुढं येत नाही. १५ लिटरची घागर धरून भागाकार करा: ३३ हजारांहून थोड्या जास्त घागरी. आता हा आकडा शहराच्या लोकसंख्येपुढं ठेवून बघा. लातूर शहरात त्याच्या कितीतरी पट माणसं आहेत, म्हणजे माणशी एक घागरही भरत नाही. एवढं लिहिलंत की ‘पाणी जपून वापरा’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही.

वैचारिक निबंधात दुसरी बाजूही आणा. दुष्काळी भागात ऊस कशाला, असा प्रश्न विचारणं सोपं आहे आणि तो विचारायलाच हवा, कारण उसाला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ पाणी लागतं. पण शेतकरी ऊसच का लावतो तेही लिहा: त्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला किमान दर आहे. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो हातात पडेलच असं नाही. तुमच्या घरात हे बोलणं रोज चालतं. ते ऐका आणि मग तुमचं मत मांडा. मत ठाम असावं, पण समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतल्यानंतरचं.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निबंधातही हेच. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजामाचं हैदराबाद संस्थान, ज्यात मराठवाडा होता, ते १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं. तेरा महिन्यांहून जास्त वाट. ही तारीख आणि लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव सगळ्याच वह्यांत असतं. तुमच्या गावात किंवा तालुक्याला हुतात्मा स्मारक असेल तर तिथं जाऊन शिळेवरची नावं वाचून या, आणि निबंध त्या शिळेसमोरून सुरू करा.

दुःखाच्या घटनेवर लिहिताना आवाज खाली ठेवा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं थकून झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. एवढं साधेपणानं सांगितलं की पुरतं. ‘काळाने घाला घातला’, ‘नियतीचा क्रूर खेळ’ असे शब्द तिथं ओझं होतात. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती आजही आपल्या आजूबाजूला राहतात, हे लिहिताना डोक्यात असू द्या.

आत्मकथन

‘मी झाड बोलतोय’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’. यात एकच नियम आहे: वस्तूनं जे पाहिलं असेल तेवढंच तिनं बोलावं. झाडाला संसदेतली चर्चा माहीत नसते. बीडकडच्या एका मुलानं कोयत्याचं आत्मकथन लिहिलं होतं. दसरा झाला की कोयता घरातून निघतो, ट्रकात बसतो, कारखान्याच्या फडात उतरतो. त्यात एक वाक्य होतं: ‘मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे मी नव्हे. एक कोयता म्हणजे माझी माय आणि बाप, दोघं मिळून.’ ऊसतोडीत जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्या जोडीवर मिळते. हे त्याला कुठल्या गाईडात सापडलं नसतं. त्यानं नुसतं ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं.

शेवट, वाचन आणि वेळ

‘अशा प्रकारे’, ‘शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते’ आले की वाचणारा पेन उचलून मार्क टाकायला घेतो. आधी सांगितलेलं पुन्हा सांगू नका, उपदेश करू नका. जिथं गोष्ट थांबते तिथं थांबा. त्या मुलीनं आधी लिहिलं होतं, ‘अशी ही वेळ अमावस्या मला जबाबदारी शिकवून गेली.’ मी तिला विचारलं, घरी परत आल्यावर आजीनं काय केलं? तिनं सांगितलं तोच शेवट झाला: ‘आजीनं रिकामी बिंदगी हातात घेतली, आतून हात फिरवला आणि माझ्या मानेकडं बघितलं. “ओढ्याजवळच सांडली ना?” म्हणाली. “माझी बी तिथंच सांडायची.”’

मग मोठ्यानं वाचा. मनात नाही, मोठ्यानं. जिथं श्वास अडतो तिथं वाक्य तोडा. जिथं जीभ अडखळते तिथला शब्द बदला. कंटाळा आला तो भाग खोडा.

शुद्धलेखन या शेवटच्या फेरीत बघा, आधी नाही. दोन नियमांनी निम्म्याहून जास्त चुका जातात. एक, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: पाणी, कवी, वस्तू. ‘आणि’ मात्र ऱ्हस्व, आणि ‘परंतु’, ‘तथापि’ सारखी संस्कृतातून आलेली अव्ययंही. दोन, प्रत्यय लागला की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं: फूल–फुलाला, गरीब–गरिबाला, वीट–विटेला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद: शरीर–शरीराला.

परीक्षेत निबंधाला पंचवीस मिनिटं मिळाली असं धरा. पाच मिनिटं टिपण, सोळा-सतरा मिनिटं लिखाण, उरलेली वाचायला. टिपणाची पाच मिनिटं वाया गेली असं वाटेल, पण पुढं पेन अडत नाही तो वेळ त्यातूनच निघतो. शब्दमर्यादेसाठी शब्द मोजत बसू नका. तुमच्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते घरी एकदा मोजून ठेवा आणि पेपरात ओळी मोजा.

पक्क्या वहीत उतरवण्याआधी निबंध ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवा. ती मुलगी घरी गेली आणि आजीला वाचून दाखवला. आजीनं सगळं ऐकलं आणि एका जागी थांबवलं. ‘सकाळी उठून आजीने आंबील केली’ असं तिनं लिहिलं होतं. आजी म्हणाली, ‘सकाळी केलेली आंबील लागंल का? आदल्या दिशीच करून ठिवायली मी.’ तिनं रात्री ‘सकाळी उठून’ खोडलं, वर ‘आदल्या दिवशीच’ लिहिलं, आणि तसंच पक्क्या वहीत उतरवलं.